पाच ते अकरा

काकांनी माझ्या हस्तलिखिताच्या एका पानावर लाल शाईने एकच शब्द खोडला होता आणि समासात दुसरा लिहिला होता. खोडलेला शब्द ‘शांतता’, लिहिलेला, ‘तहकुबी’.

पहिल्या महायुद्धावरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद मी गेलं वर्षभर करते आहे. एकेक प्रकरण झालं की त्याची प्रत अलिबागला काकांकडे जाते. काका पस्तीस वर्षं जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होते. जबान्या, खरेदीखतं, मृत्युपत्रं, पंचनामे या भाषेतून त्या भाषेत नेता नेता शब्दाकडे संशयाने पाहायची त्यांना सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यांच्या बहुतेक दुरुस्त्या मी निमूट मान्य करते. ही मात्र मला लागली. ११ नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या, तिथे मूळ लेखकाने ‘आर्मिस्टिस’ हा शब्द वापरला आहे. मी लिहिलं होतं, ‘अकरा वाजता शांतता झाली.’ चार वर्षांच्या गडगडाटानंतरचं ते थांबणं वाचकाला कानाने ऐकू यावं म्हणून त्या चार शब्दांवर मी दोन दिवस घालवले होते.

फोनवर भांडून भागलं नसतं. मी अलिबागला गेले.

“किनाऱ्यावर जाऊन बसू,” काका म्हणाले. “कागद घे बरोबर.”

“किल्ल्यात जाता येईल?”

“आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती होती, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमाराला. पण भांगाचे दिवस आहेत, पाणी पुरतं उतरायचं नाही. अमावास्या-पौर्णिमेला ये, कोरड्या पायांनी चालत जाऊ.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पाऊणकी पाठ असलेली माझ्या ओळखीतली बहुधा ही शेवटचीच पिढी. आम्ही कट्ट्यावर बसलो. समोर कुलाब्याचा किल्ला, चहूबाजूंनी पाणी.

“तोफा थांबल्या, काका,” मी सुरुवात केली. “माणसं खंदकातून उठून उघड्यावर उभी राहिली आणि कुणी त्यांना गोळी घातली नाही. याला शांतता म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?”

“त्या कागदात मुदत किती दिवसांची लिहिली होती?”

“छत्तीस.”

“छत्तीस दिवस, आणि पुढे वाढवायची सोय. ती तीनदा वाढवावी लागली. मुदत घातलेल्या थांबण्याला आपल्याकडे शब्द आहे. सभा तहकूब, खटला तहकूब, तसं युद्ध तहकूब. ‘शांतता झाली’ असं वाचून माणूस पान उलटेल. त्याला वाटेल, संपलं. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. तो अमलात आला १० जानेवारी १९२० ला. आणि ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे युद्ध कधी संपलं, माहीत आहे?”

“नाही.”

“३१ ऑगस्ट १९२१. करारपत्रांत लोकांनी ‘युद्ध चालू असेपर्यंत’ असं लिहून ठेवलेलं असतं. भाडं, नोकरी, पुरवठा, सगळं तसंच. मग ‘युद्ध चालू असेपर्यंत’ म्हणजे कुठल्या दिवसापर्यंत, हे कुणीतरी सांगायला हवं. १९१८ मध्येच त्यासाठी कायदा करावा लागला आणि पुढे त्याखाली ही तारीख ठरवली. तोफा थांबल्यावर पावणेतीन वर्षांहून जास्त काळाने. तुझ्या चार शब्दांत हे सगळं बुजून जातं.”

काकांचा पक्ष मला इथे पहिल्यांदा नीट कळला. त्यांच्या लेखी शांतता ही तारीख, वेळ आणि मुदत असलेली वस्तू आहे. जिला मुदत नाही तिचा पुरावा नाही, आणि जिचा पुरावा नाही तिच्यावर भरवसा ठेवून माणसाने खंदकाबाहेर डोकं काढू नये. माझं म्हणणं बरोबर याच्या उलट होतं. घड्याळाकडे पाहायची गरज संपते तिथे शांतता सुरू होते. ज्या शांततेत काटा टिकटिकत असतो, ती लढाईचाच एक भाग.

“शब्दच बघ ना,” काका पुढे म्हणाले. “लॅटिनमध्ये ‘आर्मा’ म्हणजे शस्त्रं, आणि पुढचा तुकडा उभं राहण्याचा. ‘सॉल्स्टिस’मध्ये तोच तुकडा आहे. अयनाच्या टोकाला सूर्य थबकल्यासारखा दिसतो आणि मागे फिरतो. तशी शस्त्रं थबकली. थबकलेली वस्तू पुन्हा हलू शकते, हे त्या शब्दात आहे. ‘शांतता’त नाही.”

“मग त्या थबकण्याबद्दल बोलू या,” मी म्हटलं. “काँपिएन्यच्या जंगलात, मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या पहाटे पाचच्या सुमाराला. अंमल सकाळी अकरापासून. मधले सहा तास लढाई चालू. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून अडीच हजारांहून अधिक सैनिक मेल्याचा हिशेब दिला जातो. ऑग्युस्तँ त्रेब्युशाँ नावाचा एक फ्रेंच निरोप्या होता. युद्धाच्या सुरुवातीपासून लढत आलेला. पावणेअकराच्या सुमाराला तो निरोप घेऊन चालला होता: साडेअकराला गरम जेवणासाठी जमायचं. वाटेत त्याला गोळी लागली. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी मेला. एका मिनिटाने! ही तुमची मुदत, काका. ती घड्याळात घातली नसती आणि पहाटे पाचलाच ‘थांबा’ म्हटलं असतं तर?”

“शेकडो मैलांची आघाडी. तारा, टेलिफोन, सायकलवरचे आणि धावत जाणारे निरोपे. एका टोकाला कळलं, दुसऱ्याला नाही. इकडचे थांबले, तिकडचे गोळ्या घालताहेत. मग इकडचे पुन्हा सुरू. सगळ्यांच्या घड्याळात एकच आकडा पाहिजे होता. त्या दिवसापुरती तो आकडा हीच शांतता होती.”

“आणि मेले ते?”

“त्यातले कित्येक, अकराची वेळ माहीत असतानाही हल्ल्याचे हुकूम देणाऱ्यांमुळे मेले. ते पाप घड्याळाच्या माथी मारू नकोस.”

हे मला पटलं, पण पुरलं नाही. “त्रेब्युशाँच्या कबरीवर तारीख कुठली आहे, सांगू? १० नोव्हेंबर. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावापुढे फ्रेंच लष्कराने आदल्या दिवसाची तारीख घातली. शांततेच्या दिवशी मेलेला सैनिक त्यांना कागदावर नको होता.”

काकांनी चष्मा काढला. पस्तीस वर्षं तारखांवर विश्वास ठेवून जगलेल्या माणसाला चुकीची तारीख मुद्दाम घातलेली पाहवत नाही. “हे वाईट केलं,” एवढंच ते म्हणाले, आणि थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

मग मी त्यांना ‘डेडलाइन’ची गोष्ट सांगितली, कारण हा शब्द दिवसातून चारदा माझ्या तोंडी येतो आणि त्याचा उगम कळल्यापासून तो उच्चारताना दर वेळी काहीतरी टोचतं. अमेरिकन यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथे दक्षिणेने युद्धकैद्यांचा तळ उघडला. सुमारे पंचेचाळीस हजार कैदी तिथे येऊन गेले आणि त्यांतले जवळजवळ तेरा हजार मेले. उपासमारीने, हगवणीने, उघड्यावरच्या उन्हापावसाने. लाकडी तटाच्या आत सहाएक मीटरवर एक हलकंसं कुंपण होतं. ते ओलांडणाऱ्याला, नुसता त्यापलीकडे हात घालणाऱ्यालासुद्धा, मनोऱ्यावरचा पहारेकरी गोळी घालत असे. त्या कुंपणाचं नाव ‘डेड लाइन’. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावर पुढे खटला चालला आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला, आणि आज तो आपल्या शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे.

“हे मला माहीत नव्हतं,” काका सावकाश म्हणाले. “म्हणजे आधी ती जागा होती, मग वेळ झाली.”

“हो.”

“मग आपला ‘वेळ’ही तसाच. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे सीमा. समुद्राचा किनारा तीही वेला, भरती तीही वेला, आणि काळाची हद्द तीही वेला. आपण बसलो आहोत ती वेलाच.” त्यांनी कट्ट्यावर हात आपटला. मला आनंद झाला, कारण इंग्रजीतला ‘टाइड’ याच वाटेवर उलट दिशेने चाललेला मला ठाऊक होता. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘वेळ, घडी’ एवढाच होता. नाताळच्या दिवसांना अजूनही ‘यूलटाइड’ म्हणतात त्यात तो उरला आहे. चौदाव्या शतकाच्या सुमाराला तो समुद्राकडे वळला आणि भरती-ओहोटी होऊन बसला. ‘टाइम’ आणि ‘टाइड’ एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ वाटणं, तुकडे पाडणं. शाळेत आपण इंग्रजी म्हण शिकतो की वेळ आणि भरती कुणासाठी थांबत नाहीत. ती म्हण पहिल्यांदा रुळली तेव्हा तिच्यात समुद्र नव्हताच. एकच गोष्ट दोनदा म्हटली होती.

“बघ,” काका म्हणाले, “वेळ म्हणजे कापलेला तुकडा. कापल्याशिवाय ती हाताला लागत नाही. घटका काय होती? भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची. ती भरून बुडाली की चोवीस मिनिटं झाली. ‘त्याची घटका भरली’ म्हणतो ती हीच वाटी. तास म्हणजे टोले द्यायची थाळी. इंग्रजी ‘क्लॉक’ म्हणजे मुळात घंटा. माणसाने कुठेही वेळ नुसती भोगलेली नाही. मोजली, ठोकली, सगळ्यांना ऐकवली.”

“मोजली ती कामासाठी. विसाव्यासाठी नाही. ‘काम’ हा इंग्रजी शब्द घ्या, शांत या अर्थाचा. तो बहुतेक कोशकारांच्या मते ग्रीकमधल्या उन्हाच्या काहिलीच्या शब्दापासून येतो. टळटळीत दुपार. भूमध्य समुद्राच्या काठावर त्या वेळी वारा पडतो, गुरं सावलीला बसतात, माणसं आडवी होतात. त्या तापातून इंग्रजीला शांतपणाचा शब्द मिळाला. तिथे कुणी टोला दिला नव्हता. ऊन चढलं आणि सगळं आपोआप निवलं.”

“निवलं म्हणतेस, आणि ऊन चढलं म्हणतेस,” काका हसले. पण त्यांना ते आवडलं होतं. “पेजेचं पातेलं उतरवून वाड्यातले सगळे पडवीत पसरायचे, ती दुपार मला आठवते. ठीक आहे. हा एक शब्द तुझा.”

खरा वाद ‘पीस’ या शब्दावर झाला, आणि तिथे मी तयारी करून गेले होते.

आज इंग्रज ज्याला ‘पीस’ म्हणतात तो शब्द त्यांचा घरचा नाही. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून तो आला; त्याच्या मागे लॅटिन ‘पाक्स’, आणि त्याच्याही मागे ‘घट्ट बांधणं, जखडणं’ या अर्थाचं मूळ. ‘पॅक्ट’ म्हणजे करार, तो त्याच घरातला. भाषांच्या कुळात त्या मुळाचा आपल्याकडचा नातलग म्हणजे संस्कृत ‘पाश’. त्याच्या आधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘फ्रिथ’. जर्मनमध्ये तो अजून जिवंत आहे. ‘फ्रेंड’ आणि ‘फ्री’ हे त्याचे सख्खे, आणि संस्कृतातले ‘प्रिय’, ‘प्रीती’ हेही त्याच मुळाचे. त्यांचा दुसरा जुना शब्द ‘सिब’. त्याचा अर्थ शांतताही आणि नातंही. भावंडांसाठीचा ‘सिब्लिंग’ त्यातून आला.

“म्हणजे त्या लोकांची शांतता आधी प्रीतीची आणि रक्ताच्या नात्याची होती,” मी म्हटलं. “मग राज्यकर्ते आले आणि ती पाशाची झाली. कलमं, सह्या, मुदत. तुमची तहकुबी त्या दुसऱ्या शब्दाची लेक आहे.”

मला वाटलं होतं काका गप्प होतील. ते उलट खुलले.

“पाश आणि प्रीती! किती सुंदर आहे हे. पण तू त्यातून काढतेस ते बरोबर नाही. फ्रिथ नुसत्या मायेवर चालत होतं असं समजू नकोस. त्या काळच्या इंग्लंडच्या राजांचे कायदे दंडांनी भरलेले आहेत. फ्रिथ मोडलं, भर इतके शिलिंग. माया होतीच, ती आपल्या गोतापुरती होती. बाहेरच्याला काय? बाहेरच्याशी नातं नसतं, म्हणून तर दोरी लागते. मला सांग, ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशी शांतता करावी लागते का? ती करावी लागते ज्याच्यावर नाही त्याच्याशी. पाश हा शब्द तू फासासारखा ऐकतेस. मी तो होडी धक्क्याला बांधतात तसा ऐकतो.”

समोर खरोखरच दोन होड्या बांधलेल्या होत्या आणि पाणी उतरत चाललं तशा एका कुशीवर कलत होत्या.

“आणि राजाच्या शांततेचं ऐक,” काका म्हणाले. “इंग्लंडात पूर्वी ‘राजाची शांतता’ राजाबरोबर मरायची. एक राजा गेला की दुसऱ्याच्या नावाची शांतता जाहीर होईपर्यंत मधले दिवस मोकळे. त्या दिवसांतल्या लुटीला राजाची शांतता मोडली असं म्हणता येत नसे, कारण मोडायला ती होतीच कुठे! १२७२ मध्ये तिसरा हेन्री वारला आणि मुलगा एडवर्ड परदेशात. तेव्हा तो परत येण्याची, राज्याभिषेकाची वाट न पाहता त्याच्या नावाची शांतता लगेच पुकारली. बिनमुदतीची शांतता माणसाला फार उशिरा सुचली, अगं. आणि सुचली ती कायद्याला.”

“सुचली, पण पैशांनी,” मी म्हटलं. “‘पे’ हा शब्दही त्याच ‘पाक्स’चा. देणेकऱ्याने सावकाराला शांत करायचं, म्हणजे पैसे चुकते करायचे. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर युद्धाची भरपाई लादली. त्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने भरला ३ ऑक्टोबर २०१० ला. तोफा थांबल्यापासून जवळजवळ ब्याण्णव वर्षांनी. मध्ये दुसरं महायुद्ध होऊन गेलं. ज्या डब्यात १९१८ च्या सह्या झाल्या, त्याच डब्यात हिटलरने १९४० मध्ये फ्रान्सला सह्या करायला लावल्या. ही तुमची दोरी.”

“ती दोरी वाईट वळली होती. म्हणून दोरीच नको? कोरिया बघ. २७ जुलै १९५३, सकाळी दहाला सह्या, रात्री दहापासून अंमल. पुन्हा तेच, मध्ये बारा तास! शांततेचा तह आजतागायत झालेला नाही. सत्तर वर्षांहून अधिक काळ नुसती तहकुबी. पण त्या तहकुबीतच मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी आपल्या सैन्याच्या ताब्यात आले. आपले कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात त्या दलाचे प्रमुख होते. कैद्यांना समजवायला नव्वद दिवस, आणखी तीस दिवस, मग ते मोकळे. एकशेवीस दिवस मोजले म्हणून ती माणसं सुटली. मोजले नसते तर कुठल्या तरी तारेच्या कुंपणात म्हातारी झाली असती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं.

काकांना जिंकल्याचा आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. ते म्हणाले, “तुला एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्या बाजूची की तुझ्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.”

दोन सख्खे भाऊ. शेताच्या बांधावरून भांडण; कोयते निघाले होते. पोलिसांनी चॅप्टर केस केली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ व्या कलमाखाली (आता नव्या संहितेत ते १२६ वं आहे) शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ते कागद पुढे भाषांतरासाठी काकांच्या टेबलावर आले. ‘कीपिंग द पीस’ला त्यांनी ‘शांतता राखणे’ लिहिलं, कायद्याची मराठी तशीच आहे. पण त्यांना तेव्हा वाटलं, कोयता घेऊन उठलेल्या भावांनी ही शांतता राखायची म्हणजे एखाद्याची ठेव सांभाळायची तशी. स्वतःची नव्हे, सरकारची. वर्षभर दोघं एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. पैसे भरावे लागतील ही भीती.

“दोनेक वर्षांनी त्यातला धाकटा मला बाजारात भेटला. मी विचारलं, मुदत कधी संपली? तो विचारात पडला. म्हणाला, संपली असेल की साहेब. दादाच्या पोरीचं लग्न निघालं, त्या गडबडीत लक्षात नाही राहिलं.”

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मला ‘अॅजर्न’ या शब्दाची आठवण झाली: खटला तहकूब करण्याचा इंग्रजी शब्द, त्याच्या पोटात जुन्या फ्रेंचमधला ‘दिवस’ आहे, कारण पुढचा दिवस नेमून देणं हाच त्याचा अर्थ. आणि दिवस न नेमता केलेल्या तहकुबीला न्यायालयात लॅटिनमध्ये ‘दिवसाविना’ म्हणतात. आपण ‘बेमुदत तहकूब’ म्हणतो. त्या भावांचं भांडण मुदतीने तहकूब झालं आणि कुणी निकाल न देता बेमुदत होऊन गेलं. यात काकांचं एक वर्ष आहेच, आणि त्या वर्षाचा शेवट विसरायला लावणारं पोरीचं लग्नही आहे. त्यातलं लग्न मी माझ्या बाजूला ठेवते. काका कदाचित वर्ष ठेवतील.

“तुमची शांत झाली ना परवा,” मी म्हटलं. काकांचं सहस्रचंद्रदर्शन नुकतंच झालं होतं. “आपल्याकडे शांत करतात ती माणसाच्या वयाची. साठीशांत, पंचाहत्तरीची शांत. कुणाशी करार नाही, कुणी शत्रू नाही. वय झालं म्हणून शांत. इंग्रजीत याला शब्द सापडेल का तुम्हाला?”

“सापडायचा नाही. ‘पीस’ घातलं तर युद्ध कुठे होतं विचारतील. पण तीसुद्धा मोजूनच केली, बरं का. हजार पौर्णिमा, म्हणजे जवळजवळ एक्क्याऐंशी वर्षं. गुरुजींनी हिशेब मांडून दाखवला.” मग ते जरा थांबून म्हणाले, “त्या दिवशी मात्र मला ‘शांत’ शब्दाची भीती वाटली. दिवा शांत झाला म्हणतो. आई शांत झाली म्हणालो होतो. संस्कृतातच तो विझण्याचा शब्द आहे. म्हणून मी न्यायालयात नेहमी ‘शांतता’ लिहिलं, ‘शांती’ कधी नाही. शांतता राखता येते, मोडता येते. शांती मोडता येत नाही, आणि म्हणून ती माणसांच्या हातातली नाही.”

“मला तीच हवी होती त्या वाक्यात.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर लाल शाई वापरली.”

साडेअकरा होत आले होते. काकांनी म्हटल्याप्रमाणे पाणी पुरतं उतरलं नव्हतं. किल्ल्याकडे जाणारी एक घोडागाडी चाकं अर्धी बुडवत चालली होती. किनाऱ्यावरचा ओला पट्टा आता वाढतही नव्हता आणि आटतही नव्हता. पाणी उभं होतं.

मी मांडीवर कागद घेतला आणि खोडलेल्या ओळीखाली लिहिलं: ‘पाचच्या सुमारास सह्या झाल्या. अकरा वाजता तोफा थबकल्या. ही तहकुबी छत्तीस दिवसांची होती. पण खंदकातल्या माणसांनी त्या दिवशी दिवस मोजले नाहीत.’

काकांनी वाचलं. लाल पेनाने ‘पाचच्या’ आधी ‘पहाटे’ घातलं. शेवटचा तुकडा त्यांनी दोनदा वाचला, त्याच्यावर पेन धरलं, आणि तसाच ठेवला.

“तो जेवणाचा निरोप घेऊन निघालेला,” ते म्हणाले, “तो येतो का पुस्तकात?”

“पुढच्याच परिच्छेदात.”

“तारीख कुठली लिहिली आहे?”

“मुळात दहा आहे. कबरीवरून घेतलेली.”

“आणि तू?”

“अकरा.”

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि उठायला माझा हात मागितला.